धुतलेल्या पायांचा सत्कार

मी एक जुना बंब आहे. तांब्याचा, पोटाने मोठा, उंचीने बेताचा. हिंगणघाटहून जामकडे जाताना शांतिसदन नावाचा ख्रिस्ती वृद्धाश्रम लागतो. त्याच्या मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीला टेकून मी उभा आहे. मित्रांनो, वय झाले की माणूस निवतो असे म्हणतात. माझे उलटे झाले आहे. गेल्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, न्हाणीघरात विजेची टाकी बसली आणि माझ्या नळीत विस्तव पडायचा थांबला. तरी मी तापलेलाच आहे. कशाने, ते सांगतो. ऐकून तुम्हालाही राग आला तर मला बरे वाटेल.

माझा जन्म भंडाऱ्याच्या एका तांबटाच्या हातून झाला. त्याने मला मनसोक्त ठोकले, म्हणून तर मी इतकी वर्षे टिकलो. एकोणसत्तर साली मी आगगाडीने हिंगणघाटला उतरलो आणि तिथून बंडीत, म्हणजे बैलगाडीत बसून सदनात आलो. ज्या बाईंनी मला दान दिले त्यांचे नाव माझ्या पोटावर कोरले आहे. दिलेल्या भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे रीतच आहे. त्या बाईंना मी कधी पाहिले नाही.

माझे काम सोपे होते. मधल्या नळीत सरपण पेटवायचे, भोवतीच्या पोटात पाणी तापायचे, बाजूच्या पितळी तोटीतून ते सोडायचे. आमच्या भागात कपाशी निघाली की शेतात नुसत्या वाळक्या काड्या उरतात, त्यांना पऱ्हाट्या म्हणतात. त्या मला फार आवडत. चटकन पेटतात, फुरफुर आवाज करतात आणि धूर कमी देतात. ओली लाकडे घातली की मी साऱ्या अंगणाला खोकायला लावत असे.

सदनात तेव्हा बावीस म्हातारी माणसे होती. त्यांतल्या आनंदाबाईंनी मिशनच्या शाळेत पस्तीस वर्षे मुले शिकवली होती. पुलगावच्या डेपोत कारकुनी करून थकलेले अण्णाजी होते. त्यांचा रेडिओ त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलायचा. कोणाला मुले नव्हती, कोणाची मुले होती पण यायची नाहीत. सकाळी सगळे मिळून गीत म्हणत. प्रत्येकाचा सूर वेगळा आणि प्रत्येकाला वाटे की दुसराच बेसूर आहे. बुधवारी प्रार्थना, दुपारी कॅरम, कॅरमवरून भांडण, आणि नाताळच्या आधी चार दिवस सगळ्या म्हाताऱ्या एका सतरंजीवर बसून करंज्या भरत. निम्म्या करंज्या तळताना फुटत. ते घर होते, मित्रांनो. रुसव्याफुगव्याचे, पण घर.

बहात्तर सालचा दुष्काळ तुमच्या आईवडिलांना आठवत असेल. त्या वर्षीच्या थंडीत भागाबाई आमच्या फाटकाशी आली. समुद्रपूरकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका वस्तीतली ती गोंड बाई. नवरा वारलेला, मूल नाही. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन ती कोस दीड कोस चालत यायची आणि मोळी विकून परत जायची. त्या सकाळी ती माझ्यापाशी मोळी टाकत होती. न्हाणीघरात आनंदाबाईंच्या शेजारच्या खाटेवरची एक आजारी म्हातारी तशीच घाणीत बसून रडत होती. आंघोळ घालणारी बाई काम सोडून गेली होती आणि बाकीचे नाकाला पदर लावून दाराशी उभे होते.

भागाबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिले. मग लुगड्याचा पदर खोचला, माझी तोटी सोडली, बादलीत थंड पाणी घातले, त्यावर ऊन घातले आणि स्वतःचे कोपर बुडवून पाहिले. बोटांना घट्टे पडलेले असतात, त्यांना चटका कळत नाही. कोपराची कातडी खोटे बोलत नाही. तिने त्या म्हातारीला लहान लेकरासारखे न्हाऊ घातले, कोरड्या कपड्यात गुंडाळले आणि विचारले, "आता थंडी वाजून राह्यली का आजी?"

त्या दिवशी ती परत गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या बाजूला सरपणाची खोली होती, तिथेच तिने आपले अंथरूण टाकले. जेवण आणि वर थोडे हातावर, एवढ्यावर तिचे ठरले. कोणी ठरवले, कधी ठरवले, हे कोणालाच नीट सांगता येत नसे. गरज होती आणि ती करत होती, म्हणून चालले.

अकरा वर्षे चालले! पहाटे उठून ती मला पेटवायची. अण्णाजींना कढत पाणी लागते, आनंदाबाईंना कोमट, संधिवाताच्या माणसांना कडुनिंबाचा पाला उकळून, हे सगळे तिला पाठ होते. रविवारी उपासना असायची म्हणून शनिवारी पाय. बावीस माणसांचे चव्वेचाळीस पाय ती ऊन पाण्यात भिजवायची, भेगांतली माती काढायची, नखे कापायची, तेल चोळायची. कोणाच्या टाचेला कुरूप आहे, कोणाची करंगळी बधिर आहे, हे डॉक्टरांच्या आधी तिला कळे. पाय चोळताना ती आपल्या भाषेतले गाणे गुणगुणायची. मला त्याचा अर्थ कळला नाही, पण म्हातारी माणसे डोळे मिटून घेत.

आणि दर पंधरा दिवसांनी मला चिंच आणि राख लावून घासायची. मी असा लखलखत असे की माझ्या पोटात तिचे तोंड दिसायचे.

आता रागाची गोष्ट.

एकोणऐंशी साली प्रभाकरराव सदनाचे व्यवस्थापक झाले. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, औषधे कमी पडू द्यायचा नाही, कोणाला उलट बोलायचा नाही. लहानपणी आनंदाबाईंच्याच वर्गात शिकलेला. फक्त त्याला एक खोड होती. जे कागदावर आहे तेवढेच त्याला दिसायचे. आल्याबरोबर त्याने सेवकांची यादी केली. नर्सबाई, कारकून भैयाजी, स्वयंपाकी, माळी, चौकीदार नत्थूजी, असे नऊ जण. दहावे नाव कोणी सांगितले नाही. भागाबाईला कोणी नेमलेच नव्हते, मग ती यादीत कशी येणार? ती मोळी विकायला आली होती ना! सात वर्षांपूर्वी आलेली मोळीवाली अजून परत गेली नाही, एवढाच तिचा दर्जा.

एक्याऐंशीच्या जानेवारीत, सदनाच्या वाढदिवशी, प्रभाकररावांनी 'सेवक गौरव दिन' सुरू केला. कल्पना फार चांगली होती, हे मी कबूल करतो. प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून सदन चालवणाऱ्या नागपूरच्या समितीच्या पाहुण्यांनी कमरेला पंचा बांधायचा आणि सेवकांचे पाय धुवायचे. मोठ्याने लहानापुढे वाकायचे. त्याच समारंभात टाळ्यांच्या गजरात एक नियमही वाचला गेला की ज्याने दहा वर्षे सेवा केली, त्याला थकल्यावर सदनात खाट आणि जेवण मिळेल.

पण आमची माणसे किती भिडस्त! नागपूरचे मोठे पाहुणे आपले पाय धुणार म्हटल्यावर सगळ्यांची झोप उडाली. आपले मळके, भेगाळलेले पाय त्यांच्या हाती कसे द्यायचे? म्हणून सकाळी सात वाजताच सगळे माझ्यापुढे रांग लावून हजर. आणि त्यांचे पाय कोणी धुतले? भागाबाईने! दगडाने घासून, नखांतली घाण काढून, नऊ जणांचे अठरा पाय तिने स्वच्छ केले. मग दहा वाजता हॉलमध्ये पाहुण्यांनी त्या धुतलेल्या पायांवर तांब्याभर पाणी घातले आणि फोटो निघाला. ऊन पाण्याचे घंगाळ हॉलच्या दारापर्यंत नेणारी भागाबाई, आणि नंतर ते पाणी उचलून आणून झाडांना घालणारीही भागाबाईच. हॉलचे मागचे दार माझ्या अगदी समोर आहे, म्हणून मी हे सारे माझ्या जागेवरून पाहिले. नारळ नऊ होते, शाली नऊ होत्या.

तुम्ही म्हणाल, चुकून झाले असेल. एक्याऐंशीत चुकून झाले. ब्याऐंशीत? त्र्याऐंशीत? तीच रांग, तेच पाय, तोच फोटो. नत्थूजी एकदा भैयाजींना म्हणाला, "भैयाजी, भागाबाईचं नाव काऊन नाई टाकत तुमी?"

भैयाजी म्हणाले, "अरे, ते आपली घरचीच होय. घरच्याचा का सत्कार करतेत?"

बघा बरे! काम सांगायचे असले की घरची, आणि शाल द्यायची असली की नाव यादीत नाही. हे वाक्य ऐकून माझ्या पोटातले पाणी नळीत जाळ नसताना उकळले असते.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात माझ्या तोटीचा जोड सैल झाला. थेंब थेंब ऊन पाणी गळायला लागले. नत्थूजीने ऑफिसात जाऊन सांगितले, "साहेब, बंबाची तोटी गळून राह्यली. तांबटाले बलावा लागते."

"अर्ज द्या, समितीपुढे ठेवतो," प्रभाकरराव म्हणाले.

नत्थूजीला लिहिता येत नव्हते, भागाबाईलाही नाही. भैयाजींना लिहिता येत होते, पण त्यांना वेळ नव्हता. मग भागाबाईने जोडावर कपडे धुण्याचा साबण चेपला आणि वर चिंधी बांधली. साबण विरघळला की नवा लावायची. दीड वर्ष माझी तोटी साबणावर उभी होती. मी दर सकाळी मनात म्हणायचो, बाई, जरा लांबून सोड. पण बंबाला बोलता कुठे येते?

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात, नाताळ होऊन दोनच दिवस झाले होते. आनंदाबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. थंडी फार, म्हणून त्या न्हाणीघराबाहेर आडोसा करून माझ्या अगदी जवळ लाकडी स्टुलावर आंघोळीला बसल्या होत्या. भागाबाईने तोटीला हात लावला आणि तोटी सरळ तिच्या हातात आली. माझ्या पोटातले सगळे कढत पाणी भसकन बाहेर पडले. भागाबाईला मागे उडी मारता आली असती. तिने आधी दोन्ही हातांनी आनंदाबाईंचे स्टूल बाजूला ढकलले. पाणी तिच्या उजव्या पायावर पडले, गुडघ्यापासून बोटांपर्यंत.

मित्रांनो, त्या पायाला मी भाजले. जिने मला अकरा वर्षे पेटवले, घासले, पुसले, तिच्या पायाची कातडी माझ्या पाण्याने सोलली. जोड सैल ठेवणारे दुसरेच होते, पण पाणी माझे होते आणि हे माझ्या मनातून आजही जात नाही.

तिला हिंगणघाटच्या दवाखान्यात नेले. पट्ट्या बांधून परत आणले. दोन-तीन महिने उभे राहायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आणि गंमत ऐका. दुसऱ्याच दिवशी तांबट आला. माझा जोड एका दुपारीत पक्का झाला. अर्ज नाही, समिती नाही, काही नाही. कारण नऊ जानेवारीला सेवक गौरव दिन होता आणि पाहुण्यांना ऊन पाणी लागणार होते.

भागाबाई सरपणाच्या खोलीत पाय पसरून पडली होती. प्रभाकरराव तिला भेटायला आले, सोबत मोसंबी घेऊन. दाराशी उभे राहून म्हणाले, "भागाबाई, तुम्ही आता आराम करायला पाहिजे. गावी तुमचा भाचा आहे ना? त्याला निरोप पाठवलाय. नऊ तारखेला बंडी घेऊन येतो म्हणाला."

"मंग वापस कवा येऊ साहेब?"

प्रभाकररावांनी चष्मा पुसला. "आता वय झालं तुमचं. इथे खाट फक्त सेवकांना आणि रहिवाशांना देता येते. नियम आहे. माझ्या हातात असतं तर..."

गावी तिची झोपडी कधीच पडून गेली होती. भाचा पुनाजी मजुरी करून पाच तोंडे जगवत होता, एका खोलीत. तिथे भाजलेल्या पायाची ही न कमावणारी म्हातारी म्हणजे सहावे तोंड. पुढे काय होणार ते तिला कळत होते आणि मलाही.

नऊ जानेवारी उजाडला. गार वारा सुटला होता. मला नत्थूजीने पेटवले. भागाबाईला ऊन मिळावे म्हणून त्याने तिला उचलून माझ्याजवळ एका पाटावर आणून बसवले होते, पट्टी बांधलेला पाय समोर लांब केलेला. बाजूला तिचे गाठोडे. सात वाजले आणि सवयीप्रमाणे सेवकांची रांग आली. तिला बघून सगळे थबकले. नर्सबाई मान खाली घालून परत गेली, तिचे नाव मी चांगल्या माणसांत घेतो. माळीही गेला. पण भैयाजींनी धोतर वर घेतले आणि दगडावर पाय ठेवला.

"भागाबाई, हात तं चालतात ना? बसल्या बसल्या धुऊन दे. पाहुणे लवकर येऊन राह्यले."

आणि तिने धुतले! मित्रांनो, तिने खरोखर धुतले. आपला सोललेला पाय बाजूला सरकवून, पुढे वाकून, दातांखाली ओठ धरून. कोपर बुडवून पाणीसुद्धा पाहिले, भैयाजींना चटका बसू नये म्हणून. त्यांच्या मागून स्वयंपाकी बसला, मग आणखी दोघे. माझ्या नळीत पऱ्हाट्या तडतडत होत्या. मला वाटले, एकदा फुटावे आणि या साऱ्यांच्या अंगावर सांडावे. पण मी आधीच एकदा सांडलो होतो आणि ते चुकीच्या माणसावर सांडलो होतो.

आनंदाबाई काठी टेकत तोंड धुवायला आल्या होत्या. त्या न्हाणीघराच्या दारात उभ्या राहून सगळे पाहत होत्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्या तोंड न धुताच परत गेल्या.

दहा वाजता हॉल भरला. नऊ खुर्च्यांवर नऊ सेवक बसले. पाहुण्यांनी पंचा बांधला. प्रभाकरराव यादी घेऊन उभे राहिले आणि एकेक नाव वाचू लागले. नववे नाव वाचून त्यांनी कागद खाली घेतला, तेवढ्यात काठी आपटल्याचा आवाज आला.

"प्रभाकर, हजेरी चुकली तुझी," आनंदाबाई म्हणाल्या. "एक नाव राहिलं."

"बाई, यादी समितीनं मंजूर केलेली आहे."

"समितीचे पाय कोणी चोळलेत का कधी? माझे चोळलेत अकरा वर्षं." मग त्या पाहुण्यांकडे वळल्या. "साहेब, तुम्ही वाकायला तयार झालात, तुमचं मन मोठं आहे. पण यांचे पाय नीट बघा. एक कण माती आहे का? सकाळी सातलाच धुऊन झालेत. त्यांनाच विचारा, कोणी धुतले ते. आणि तिच्या पायाचं काय झालंय, तेही विचारा."

भैयाजींनी आपले स्वच्छ पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

"नसेल सांगायचं तर राहू द्या," आनंदाबाई म्हणाल्या आणि काठी टेकत मागच्या दाराने बाहेर निघाल्या. त्यांच्या मागून अण्णाजी उठले. मग तिसरे, मग चौथे. काठ्या, कुबड्या, एकमेकांचे खांदे. हॉलपासून माझ्यापर्यंत वीस पावले असतील, पण त्या सगळ्यांना यायला पाव तास लागला. मी जन्मात इतकी सुंदर मिरवणूक पाहिली नाही.

आनंदाबाईंनी स्टूल भागाबाईसमोर ओढले आणि त्या कशाबशा बसल्या. "डावा पाय दे. चांगला आहे तो."

"नोका बाई! पाप लागन मले. तुमी मास्तरीण होय."

"पाय दे म्हटलं ना. पाणी कसं पाहिजे तुला? कढत की कोमट?"

बावीस माणसांचे पाणी भागाबाईला पाठ होते, स्वतःचे नव्हते. ती खाली बघत म्हणाली, "मले काय मालूम बाई. म्या कवा ऊन पान्यानं आंग धुतलंच नाई. तुमचं सगळ्याइचं होये वरी पानी सरून जाये."

हे खरे होते. सगळ्यांचे झाले की ती विहिरीच्या गार पाण्याने अंग धुवायची, थंडीतसुद्धा. मी रोज पाहत होतो आणि माझ्याही कधी लक्षात आले नव्हते. अकरा वर्षांत माझ्या पोटातला एक तांब्याही तिच्या अंगावर पडला नव्हता. म्हणजे पडला, तो एकदाच, आणि त्याने तिची कातडी नेली.

अण्णाजींनी उपरण्याने डोळे पुसले. प्रभाकरराव तोवर यादी हातात धरून अंगणात येऊन उभे राहिले होते.

"उभा काय राहिलास? पाणी काढ," आनंदाबाई कडाडल्या, आणि पन्नाशीचा तो माणूस चौथीतल्या पोरासारखा पुढे झाला. त्याने यादी खिशात कोंबली, आयुष्यात पहिल्यांदा माझी तोटी सोडली आणि चटका बसून हात झटकला.

"साहेब, पयले थंडं टाका, मंग ऊन," भागाबाईने पाटावरूनच सांगितले. "बोटानं नोका पाहू. कोपर बुडवा."

प्रभाकररावांनी कोटाची बाही वर केली आणि बादलीत कोपर बुडवले. मग बादली आनंदाबाईंपुढे ठेवून ते तिथेच फरशीवर टेकले. आनंदाबाईंना तांब्या पेलत नव्हता, म्हणून पाणी प्रभाकररावांनी घातले आणि पाय बाईंनी धुतला. भागाबाई तोंडात पदर कोंबून रडत होती.

एवढ्यात फाटकातून पुनाजी आला. "आत्या, बंडी उभी हाय. निंघाचं काय?"

सगळ्यांनी प्रभाकररावांकडे पाहिले. त्यांचे डोळे ओले होते, कोपर ओले होते, आणि तरी त्यांच्या तोंडून काय निघावे? "समितीला विचारावं लागेल."

"खुशाल विचार," आनंदाबाई म्हणाल्या. "तोवर तिला माझी खाट. मी खाली झोपते. पुनाजी, तू जा बाबा. बंडी रिकामीच ने."

भागाबाईने काही खाट घेतली नाही. ती आपल्या सरपणाच्या खोलीतच राहिली आणि म्हाताऱ्या बायका पाळीपाळीने तिची पट्टी बदलत राहिल्या. तीन आठवड्यांनी समितीचे पत्र आले. प्रभाकरराव ते घेऊन धावतच मागच्या अंगणात आले. आनंदाबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचले. 'सदर महिला नियमात बसत नसली तरी तिची असहाय स्थिती पाहून, दयाबुद्धीने, विशेष बाब म्हणून तिला सदनात खाट देण्यात येत आहे.'

अण्णाजींनी टाळ्या वाजवल्या. कोणी "प्रभूची स्तुती असो" म्हणाले. भागाबाईने विचारले, "दयाबुद्धीनं म्हंजे?"

"म्हणजे तुझी दया येऊन," आनंदाबाई म्हणाल्या. बोलताना त्यांचाच आवाज खाली गेला.

अकरा वर्षांत मी भागाबाईला कोणापुढे आवाज चढवताना ऐकले नव्हते. त्या दिवशी ऐकले.

"म्या तुमचे पाय धुतले, ते का दया येऊन धुतले? ते काम होतं माह्यं. पाह्यटी उठून केलं, तापात केलं, एक दिस नागा नाई. साहेब, हा कागद वापस न्या. काम केलं म्हून लिवून आना, मंग निजतो तुमच्या खाटंवर. नाई तं ह्या पऱ्हाट्या बऱ्या."

प्रभाकरराव पत्र घेऊन परत गेले. फेब्रुवारी गेला. थंडी गेली. तिचा पाय सावकाश भरत आला, पण ती सरपणाच्या खोलीतून हलली नाही. लोकांनी समजावले, खाट मिळाली ना, शब्दाचे काय एवढे? आनंदाबाईंनी मात्र एकदाही समजावले नाही. होळीच्या आदल्या दिवशी प्रभाकरराव स्वतः आले. या वेळी धावत नव्हते. त्यांनी समितीपुढे उभे राहून काय सांगितले ते मला माहीत नाही. त्यांच्या हातात सेवकांची यादी होती, नव्याने लिहिलेली. त्यांनी ती भागाबाईजवळ बसून स्वतः वाचली. सगळ्यांत वर एक नाव होते : 'भागाबाई. सेवा, सन एकोणीसशे बहात्तरपासून. दहा वर्षे पूर्ण. खाटेचा हक्क.'

"बरोबर हाय का बाई?" तिने आनंदाबाईंना विचारले.

"बरोबर आहे," आनंदाबाई म्हणाल्या. तेव्हा कुठे तिने आपले गाठोडे उचलले.

मित्रांनो, माझी स्वतःची तक्रार फार लहान आहे. मला मोडीत घालायचे की कुंडी करायचे, यावर ऑफिसात बोलणे चालू आहे. चालू द्या. माझे तांबे वितळले तरी त्याचे काहीतरी होईलच. पण माणसे वितळवून पुन्हा घडवता येत नाहीत. तुम्ही मोठे व्हाल, समित्यांवर बसाल, शाली द्याल, सत्काराच्या याद्या कराल. यादी करायच्या आधी एकदा घराच्या मागच्या अंगणात जाऊन या. आणि तेवढी वाटही बघू नका. आज सकाळी तुमच्या अंगावर ऊन पाणी पडले असेल. ते कोणी तापवले, आणि त्या माणसाने स्वतः कसल्या पाण्याने आंघोळ केली, हे आत्ताच्या आत्ता जाऊन विचारा.